पंचावन्न दिवसांचा वेढा आणि तटाखालचं गटार

नमस्कार मंडळी.

१४ ऑगस्ट १९००. दुपारचे अडीच-तीन वाजलेत. पेकिंग, म्हणजे आजचं बीजिंग. शहराच्या आतल्या भागाला साधारण चाळीस फूट उंचीचा तट आहे आणि त्या तटाखालून एक कालवा बाहेर पडतो. कालवा म्हणायचं आपलं. त्या उन्हाळ्यात त्यात पाणी नव्हतंच, होता तो चिखल आणि शहरभरची घाण. तटावर एक जण निशाणांनी खुणा करतोय. खालच्यांना त्याचं सांगणं एवढंच आहे, की दरवाज्याकडे जाऊ नका, गटारातून या.

आणि त्या गटारातून, गुडघाभर राडा तुडवत, लोखंडी गज वाकवून जे शिपाई आत शिरले ते होते सातव्या राजपूत पलटणीचे आणि पहिल्या शीख पलटणीचे. हिंदुस्थानातले. घरापासून हजारो मैलांवर, दुसऱ्याच्या राजधानीत, तिसऱ्याच्या वकिलाती सोडवायला आलेले.

या घटनेवर, म्हणजे बॉक्सर बंडातल्या पेकिंगच्या वेढ्यावर, इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलंय. बहुतेक वेळा ती गोष्ट अशी सांगतात: आठ देशांचं सैन्य आलं, पंचावन्न दिवस अडकलेल्या गोऱ्या लोकांची सुटका झाली, संपलं. मला ही गोष्ट आज जरा वेगळ्या ठिकाणी उभं राहून सांगायची आहे. कारण वेढ्यात अडकलेली बहुतेक माणसं गोरी नव्हती. आणि सोडवायला आलेल्या सैन्यातलीही निम्म्याहून जास्त माणसं गोरी नव्हती.

[पडद्यावर नकाशा]

हा चौकोन बघा. राजवाड्याच्या आग्नेयेला, तटाला अगदी चिकटून. इथे अकरा देशांच्या वकिलाती होत्या. मधून जाणारा रस्ता म्हणजे लिगेशन स्ट्रीट, चिनी नाव दोंगजियाओमिनशियांग. आणि हा उभा जाणारा, दोन भाग करणारा, तोच आपला कालवा. त्याच्या पश्चिमेला ब्रिटिश वकिलात, सगळ्यांत मोठी. समोर पूर्वेला सू नावाच्या राजपुत्राचा वाडा. हा वाडा लक्षात ठेवा.

आता, लोक एवढे चिडले का होते?

चीन त्याआधीची साठ वर्षं मार खात होता. अफूच्या युद्धांनी सुरुवात झाली, आणि ती अफू कुठली होती? बरीचशी माळव्याची, मुंबई बंदरातून चढवलेली. मुंबईतल्या कित्येक श्रीमंत घराण्यांचा पहिला पैसा त्या व्यापारातला आहे. म्हणजे या दुखण्याचं एक मूळ आपल्या किनाऱ्यावर सापडतं, हे मान्य करायला हवं. मग तहांमागून तह झाले. बंदरं गेली. १८९५ला जपाननेही हरवलं. १८९७च्या नोव्हेंबरात शानदोंग प्रांतात दोन जर्मन मिशनरी मारले गेले आणि जर्मनीने त्या निमित्ताने जियाओझोउचा उपसागरच बळकावला. खेड्यापाड्यांत जमिनीचे, पाण्याचे, देवळांचे तंटे व्हायचे. त्यात एक बाजू ख्रिश्चन असेल, तर तिच्या पाठीशी मिशनरी आणि मिशनऱ्याच्या पाठीशी त्याच्या देशाचा राजदूत उभा राहायचा. मग गावकऱ्याने दाद मागायची कोणाकडे?

त्यात पाऊस गेला. १८९९ आणि १९०० ही दोन वर्षं उत्तर चीनने आभाळाकडे बघत काढली. त्याच सुमाराला आपल्याकडे तो मोठा दुष्काळ होता, जुन्या माणसांच्या तोंडी ज्याचं नाव ‘छप्पन्नचा’ असं होतं. पेरणी नाही, हाताला काम नाही, पोटात काही नाही, अशी हजारो तरुण पोरं शानदोंग आणि चिली (पेकिंगभोवतीचा प्रांत) यांच्या मैदानात मोकळी फिरत होती. परक्यांनी आभाळ कोंडून ठेवलंय, ते गेले की पाऊस पडेल, असं भित्तिपत्रकांवर लिहिलेलं असायचं.

या पोरांच्या तालमी होत्या. मुठीची कसरत, अंगात देव येणं, मंत्र म्हटला की गोळी लागत नाही हा विश्वास. स्वतःला ते यिहेतुआन म्हणवत. युरोपियनांनी त्यांना नाव दिलं बॉक्सर. त्यांची घोषणा होती, ‘चिंगला हात द्या, परक्यांना संपवा’. चिंग म्हणजे तेव्हाचं राजघराणं. त्यांना वेडे म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण त्यांनी चिनी ख्रिश्चनांच्या केलेल्या कत्तलीही खऱ्या आणि त्यांच्या पोटातली आगही खरी. दोन्ही एकदम धरून ठेवल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

मे १९००च्या शेवटी त्यांनी पेकिंगच्या रेल्वेची स्टेशनं जाळायला सुरुवात केली. वकिलातींनी घाईघाईने किनाऱ्यावरच्या जहाजांवरून पहारेकरी मागवले. आले किती? आठ देशांचे मिळून चारशेच्या थोडे वर.

इथे पहिली सुटका-मोहीम येते, आणि ती फसते. १० जूनला ब्रिटिश ॲडमिरल सेमूर सुमारे दोन हजार माणसं घेऊन तिआनजिनहून आगगाडीने निघाला. तिआनजिन ते पेकिंग जेमतेम सव्वाशे किलोमीटर, दिवसभराचा प्रवास. पण पुढे रूळ उखडलेले. ते दुरुस्त करेपर्यंत मागचे उखडलेले. गाडी ना पुढे जाईना ना मागे. शेवटी गाड्या सोडून, जखमींना नदीतल्या होड्यांवर घालून तो परत फिरला आणि त्यालाच सोडवायला दुसरी तुकडी पाठवावी लागली. बासष्ट माणसं गेली.

दरम्यान १७ जूनला परदेशी आरमाराने नदीच्या मुखावरचे दागूचे किल्ले घेतले. माझ्या मते सगळा प्रकार इथे फिरला. तोवर दरबारात दोन तट होते. बॉक्सरांना आवरा म्हणणारे होते, आणि त्यांना हाताशी धरा म्हणणारेही होते. किल्ले गेल्यावर पहिल्यांचं तोंड बंद झालं. १९ जूनला वकिलातींना हुकूम आला: चोवीस तासांत पेकिंग सोडा. २० तारखेला सकाळी जर्मन वकील, म्हणजे राजदूत, फॉन केटेलर बोलणी करायला पालखीतून निघाला, तो वाटेत एका चिनी शिपायाच्या गोळीने मेला. त्याच दिवशी दुपारी चारला गोळीबार सुरू झाला. २१ला राजमाता त्सिशीच्या दरबाराने युद्धाचं फर्मान काढलं.

आता आत कोण कोण अडकलं होतं? चारशेवर सैनिक. साधारण पावणेपाचशे परदेशी नागरिक, त्यांत बायकामुलं. आणि जवळपास तीन हजार चिनी ख्रिश्चन.

तीन हजार. हा आकडा ऐकून थांबायला हवं.

वकिलातींना ही माणसं नको होती. खायला कोण घालणार, जागा कुठून आणणार, हेर असले तर काय, असे प्रश्न होते. शहरातली चर्चेस जळत असताना लंडनच्या टाइम्सचा वार्ताहर मॉरिसन आणि ह्यूबर्टी जेम्स नावाचा प्राध्यापक यांनी हट्टाने या लोकांना आत आणवलं आणि सू राजपुत्राचा वाडा त्यांच्यासाठी मिळवला. जेम्स वेढ्याच्या पहिल्याच दिवशी कालव्यावरच्या पुलावर मारला गेला.

पुढे झालं असं, की जी माणसं ओझं वाटत होती त्यांच्याच हातांवर वेढा तगला. खंदक कोणी खणले? या लोकांनी. आगी लागल्या तेव्हा विहिरीपासून बादल्यांची रांग कोणी लावली? या लोकांनी. अमेरिकन मिशनरी गेमवेल तटबंदीची आखणी करायचा, पण मातीत हात त्यांचे होते. वाळूच्या पोत्यांना कापड संपलं तेव्हा बायका राजपुत्राच्या वाड्यातले रेशमी पडदे, किनखाप फाडून शिलाई यंत्रांवर पोती शिवू लागल्या. डोळ्यांसमोर आणा: निळ्या, पिवळ्या, जरीच्या पोत्यांची भिंत, आणि तिच्यामागे एक माणूस पोटावर पडून रायफल धरून बसलाय.

एक तोफही त्यांनीच शोधली. एका भंगाराच्या ढिगात त्यांना एक जुनी नळी सापडली, १८६०च्या ब्रिटिश-फ्रेंच स्वारीतून मागे राहिलेली असावी असा अंदाज होता. तिला इटालियन तोफेच्या गाड्यावर दोरखंडांनी बांधली. रशियनांनी दारूगोळा आणला होता, पण त्यांची तोफच तिआनजिनच्या स्टेशनवर राहिली होती. ते रशियन गोळे या नळीच्या तोंडातून ठासायचे. डागायला मिचेल नावाचा अमेरिकन गोलंदाज. तिचं नाव पडलं ‘इंटरनॅशनल’. कोणी ‘बेट्सी’ही म्हणत. आवाज एवढा करायची, की समोरच्यांपेक्षा आपल्याच लोकांच्या छातीत धडकी भरे. पण तिने मोर्चे फोडले.

सू वाड्याचा बचाव जपानी लेफ्टनंट कर्नल शिबा गोरोकडे होता. हाताशी मूठभर जपानी, थोडे इटालियन, बाकी चिनी ख्रिश्चनांमधून उभे केलेले स्वयंसेवक. वाडा एकेक भिंत करत मागे सरकला, पण पडला नाही. वेढ्यात असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने नंतर त्याचं नाव आदराने घेतलं.

आणि अन्न? ब्रिटिश वकिलातीत शर्यतीची तट्टं आणि खेचरं कापून खाल्ली जात. रस्त्यावरच्या एका धान्याच्या दुकानातला गहू हाती लागला होता, तो दळायला जाती चालत. मांस बेचव होतं, पण ताटात होतं. गोदामांतल्या शॅम्पेनच्या बाटल्याही होत्या. कालव्याच्या पलीकडे, दोनेकशे पावलांवर, सू वाड्यात झाडांची पानं ओरबाडली जात होती. सालीही. ऑगस्ट उजाडेपर्यंत तिथली लहान मुलं पोट फुगून मरत होती. वेढ्यात गेलेल्या परदेशी माणसांची नावानिशी यादी आहे: पन्नासहून जास्त सैनिक, डझनभर नागरिक. पलीकडच्या मुलांची यादी कोणी केली नाही.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हे. एका वेढ्यात, एका तटाआड, एकाच शत्रूसमोर बसून दोन शिधे.

२३ जूनला हानलिन अकादमीला आग लागली. हे चीनचं सर्वांत मोठं विद्यापीठ, ग्रंथालय, जे म्हणाल ते. ब्रिटिश वकिलातीला भिंत लागून होती. पंधराव्या शतकातल्या योंगले सम्राटाच्या प्रचंड ज्ञानकोशाचे उरलेसुरले हस्तलिखित खंड तिथे होते. काही जळाले, काही विहिरीत-हौदात फेकले गेले, काही लोकांनी आठवण म्हणून उचलले. आज ते खंड जगभरच्या ग्रंथालयांत एकेक दोनदोन असे विखुरलेत.

मग जुलैच्या मध्यावर एक चमत्कारिक गोष्ट झाली. गोळीबार थांबला. दरबाराकडून कलिंगडं आली, भाज्या आल्या. जे शिपाई काल गोळ्या झाडत होते ते आज मोर्च्यापाशी येऊन अंडी विकू लागले. याचं कारण पेकिंगमध्ये नव्हतं. १४ जुलैला तिआनजिन परदेशी सैन्याच्या हाती पडलं होतं आणि दरबाराचे पाय लटपटले होते. दुसरं म्हणजे चिनी सेनापती रोंगलू याला ही लढाई मुळातच नको होती. त्याच्याकडच्या आधुनिक तोफा त्याने वकिलातींवर पूर्ण ताकदीने कधी लावल्याच नाहीत. लावल्या असत्या, तर पंचावन्न दिवस कशाला, आठवडा पुरला असता. दक्षिणेच्या सुभेदारांनी, ली होंगझांग, झांग झिदोंग, लिउ कुनयी यांनी, तर युद्धाचं फर्मान मानलंच नाही. म्हणजे आपण ज्याला ‘चीन विरुद्ध आठ देश’ म्हणतो, त्यात अर्धा चीन लढतच नव्हता.

बाहेरच्या जगाला हे काहीच ठाऊक नव्हतं. लंडनच्या एका वर्तमानपत्राने १६ जुलैला बातमी छापली, की सगळे कापले गेले. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये शोकसभेची तयारी झाली. ती ऐनवेळी रद्द करावी लागली, कारण माणसं जिवंत असल्याची तार आली.

आत-बाहेर निरोप कोण नेत होतं? परत तेच लोक. ४ जुलैच्या रात्री शानदोंगच्या एका पोराला दोराने तटावरून खाली सोडलं. अंगावर भिकाऱ्याच्या चिंध्या, हातात अन्नाचा वाडगा, वाडग्याच्या तळाशी चिठ्ठी. तो चालत तिआनजिनला पोचला आणि २८ जुलैला उत्तर घेऊन परतही आला. उत्तर असं होतं, की सैन्य निघालंय की अजून जहाजातून उतरतंय हेच कळेना. ते वाचून आतल्या लोकांचा किती संताप झाला असेल! पण तो पोरगा दोनदा मृत्यूच्या तोंडातून चालत गेला होता.

सैन्य खरं निघालं ४ ऑगस्टला. सुमारे वीस हजार. सर्वांत जास्त जपानी, दहा हजारांच्या आसपास. चारेक हजार रशियन. तीन हजार ब्रिटिश, म्हणजे बहुतांशी हिंदी शिपाई, कारण गोऱ्या पलटणी दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी लढण्यात गुंतल्या होत्या. दोन हजार अमेरिकन, काही शे फ्रेंच. जर्मन, इटालियन, ऑस्ट्रियन नावापुरते. सगळ्यांवर मिळून एक सेनापती नव्हताच. रोज संध्याकाळी रशियन लिनेव्हिच, जपानी यामागुची, ब्रिटिश गॅसेली, अमेरिकन चॅफी बसून उद्याचं ठरवायचे.

नदीकाठाने वाट होती. दोन्ही बाजूंना काओलियांग, म्हणजे आपली ज्वारीच. पुरुषभर नाही, त्याहून उंच वाढलेली. ज्याने ऑगस्टात उभ्या ज्वारीच्या रानातून दुपारचं चालून पाहिलंय त्याला सांगायला नको. वारा लागत नाही, पाती अंगाला चरचरतात, आणि दोन हातांपुढचं दिसत नाही. ऊन चाळीसच्या घरात. गोळ्यांपेक्षा उन्हाने जास्त माणसं खाली पाडली. विहिरींचं पाणी खराब, कित्येकांत प्रेतं. ५ ऑगस्टला बेइत्सांगला जपान्यांनी लढाई मारली. ६ला यांगत्सुनला अमेरिकन पलटणीवर मित्रांच्याच तोफांचे गोळे पडले. १० तारखेला वकिलातीत दोन पत्रं पोचली, एक गॅसेलीचं, एक जपानी सेनानी फुकुशिमाचं. दुसऱ्यात तारीख होती: तेरा किंवा चौदा.

ठरलं होतं असं, की १४ला विश्रांती आणि १५ला सगळ्यांनी मिळून चढाई. पण १३च्या रात्री रशियन दोंगबियान दरवाज्यावर जाऊन भिडले. सगळ्यांत आधी पोचायचं होतं. ते अडकले. मग जपानी चाओयांग दरवाज्याशी दिवसभर रक्त सांडत राहिले. अमेरिकन आले, त्यांच्या कॅल्विन टायटस नावाच्या तरुण बिगुलवाल्याने तीस फुटी भिंत हातापायांच्या आधाराने चढून दाखवली. चिनी फौज या तीन जागी धावली, आणि दक्षिणेकडचा गुआंगचू दरवाजा जवळजवळ मोकळा राहिला. गॅसेलीचे शिपाई फारसा प्रतिकार न होता बाहेरच्या शहरात शिरले, गल्ल्यांतून वाट काढत तटापाशी आले, आणि त्यांना वर निशाण हलताना दिसलं.

पुढचं आपण सुरुवातीला पाहिलं.

ब्रिटिश वकिलातीच्या हिरवळीवर चिखलाने माखलेले शीख आणि राजपूत उभे होते आणि आजूबाजूला माणसं रडत होती, हसत होती.

शहराच्या वायव्येला बेइतांग कॅथीड्रलमध्ये त्याच काळात आणखी तीन हजारांवर माणसं कोंडलेली होती, त्यांच्या रक्षणाला फक्त त्रेचाळीस फ्रेंच आणि इटालियन खलाशी. वकिलातींपासून जेमतेम तासाभराच्या चालीवर. तिथे कुमक पोचली १६ ऑगस्टला. दोन दिवस उशिरा. तिथेही जवळजवळ सगळे चिनी होते.

त्सिशी १५ला पहाटे शेतकरणीच्या निळ्या सुती कपड्यांत, साध्या गाडीतून, सम्राटाला बरोबर घेऊन शियानकडे निघून गेली.

आणि मग शहराची लूट झाली. प्रत्येक सैन्याने. दूतावासांतल्या सभ्य लोकांनीसुद्धा. आसपासच्या खेड्यांत महिनोन्‌महिने ‘शिक्षेच्या मोहिमा’ निघाल्या, त्यांत बॉक्सर कोण आणि शेतकरी कोण हे बघायला कोणी थांबलं नाही. जर्मनांचं मोठं सैन्य तर वेढा उठल्यावर आलं. वेधशाळेतली शतकांपूर्वीची ब्राँझची खगोलयंत्रं जर्मनीने उचलून पॉट्सडॅमला नेली. ती परत आली १९२१मध्ये, जर्मनी स्वतः युद्ध हरल्यावर.

सातव्या राजपूत पलटणीतला एक शिपाई या सगळ्याकडे बघत होता. ठाकूर गदाधर सिंह. त्याने परतल्यावर चीनमधल्या तेरा महिन्यांवर हिंदीत पुस्तक लिहिलं. जळकी गावं, नदीतली प्रेतं बघून त्याला शत्रू दिसला नाही, शेजारी दिसला. हेही आपल्यासारखेच आशियाई, आपल्यासारखेच दैवाने मारलेले, असं त्याच्या मनात आलं. इंग्रजांच्या पगारावर असलेल्या माणसाने १९००च्या सुमाराला हे लिहून छापावं याचं मला फार मोल वाटतं.

मराठी नावही एक आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे याच चीन मोहिमेत गॅसेलीच्या तैनातीला होते आणि जखमींसाठी एक रुग्णालय-जहाज त्यांनी स्वतःच्या खर्चाने दिलं होतं. त्या वर्षी मध्य हिंदुस्थानही दुष्काळात होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

७ सप्टेंबर १९०१ला तह झाला. चीनने ४५ कोटी टेल (टेल हे चांदीचं चिनी वजन) चांदी द्यायची. तेव्हाच्या लोकसंख्येला माणशी एक टेल. हप्ते ३९ वर्षं, वर चार टक्के व्याज. दागूचे किल्ले पाडायचे. वकिलातींच्या मोहल्ल्याला तटबंदी, परदेशी पहारा, आणि तिथे चिनी माणसाने राहायचं नाही. पुन्हा सांगते, चिनी माणसाने राहायचं नाही. ज्या गल्ल्यांचे खंदक तीन हजार चिन्यांनी खणले होते, त्याच गल्ल्या.

केटेलर जिथे मेला तिथे चीनच्या खर्चाने संगमरवरी कमान उभारायला लावली. १९१८ला जर्मनी हरल्यावर ती तिथून काढून एका बागेत नेली. आज ती झोंगशान बागेत आहे आणि तिच्यावर कोरलंय ‘शांतीचं रक्षण करा’. लोक तिच्यासमोर फोटो काढतात.

आणि तो कालवा? तो पुढे बुजवला. त्यावरून आज झेंगयी नावाचा रस्ता जातो, मध्ये झाडांची लांबट बाग आहे. सकाळी म्हातारी माणसं तिथे सावकाश हातपाय हलवत कसरत करतात. तटाचा बराचसा भाग गेला, त्याच्या जागेखालून भुयारी रेल्वे धावते. बागेच्या दक्षिण टोकाला उभं राहिलात तर साधारण तिथेच, पायाखाली, ते गटार होतं.